चुगलीच्या कपाटाची पूजा

इचलकरंजीत मागांचा खडखडाट थांबला की पाळण्यातली बाळं दचकून जागी होतात, असं तिथले लोक सांगतात. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, सगळं गाव ठरवून हा आवाज बंद करतं. माग, कांड्या भरायची मशीन, सुताला खळ देणारी सायझिंगची अवजड धुडं, लेथ, पिठाची गिरणी, घरातलं शिलाई मशीन, सगळं पुसून लख्ख करतात. हळद-कुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात आणि संध्याकाळपर्यंत त्याला हात लावत नाहीत.

त्या वर्षी ओवी मुरदंडे खास या शांततेसाठी लिस्बनहून सुट्टी काढून आली होती. गुरुवारी दुपारभर ती गच्चीत बसून राहिली. पलीकडच्या गल्लीत कुणी शिंकलं तरी ऐकू येत होतं. संध्याकाळी मागांची एकेक शेड पुन्हा बोलू लागली, तेव्हा ती खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ती बासुंदी ढवळत असताना आईच्या फोनवर निरोप आला. वैजयंतीबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"ओवी, तुझ्या ऑफिसातनं आलंय. माझं लायसन्स काढून घेणार म्हणताहेत."

वैजयंतीबाई गावाबाहेरच्या भट्टीत शिफ्ट इनचार्ज होत्या. भट्टी म्हणजे छोटी अणुभट्टी. पूर्वी सायझिंग आणि कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये वाफेसाठी लाकूड आणि कोळसा जाळत. आता ही एकच भट्टी सगळ्या गावाला वाफ पुरवत होती आणि मागांना वीज. चाळिशीत शाळेतली विज्ञानाची नोकरी सोडून वैजयंतीबाईंनी भट्टी चालवायची परीक्षा दिली होती. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. परवान्याचं कार्ड गळ्यात नसेल तर कंट्रोल रूमचं दार त्यांच्यासाठी उघडणार नव्हतं.

निरोप छोटा होता. बुधवारी कळवलेली शक्तिघट, म्हणजे भट्टीची शक्ती कमी करणं, झाली नाही. गुरुवारी न कळवलेली शक्तिघट झाली. सोमवारी सकाळी भट्टी बंद करावी, आणि तेव्हापासून चौकशी पूर्ण होईपर्यंत शिफ्ट इनचार्जचा परवाना स्थगित राहील. निरीक्षक उद्या येत आहेत. त्यांचं समाधान झालं तर आदेश मागे घेतला जाईल.

"बुधवारी?" ओवीनं पळी खाली ठेवली. "बुधवारी भट्टी उतरवणार असं तू कळवलं होतंस?"

"मी कशाला कळवू? तुझा तो प्रोग्रॅम कळवतो की. मला नुसती हिरवी खूण दिसते. 'खंडेनवमी, नोंद झाली.'"

"आणि तारीख?"

"तारीख कुठं दाखवतोय तो? तूच म्हणाली होतीस, आई, तू फक्त सण बघ, तारखेचं मी बघते."

ओवीनं गॅस बंद केला.

*

हा आदेश ज्याच्या साक्षीवरून निघाला होता, ते यंत्र भट्टीच्या कुंपणभिंतीबाहेर एका पत्र्याच्या खोलीत उभं होतं. दिसायला गोदरेजच्या कपाटाएवढं. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. गावात त्याला चुगलीचं कपाट म्हणत.

युरेनियमचा अणू फुटला की त्याचे तुकडे शांत होता होता सरासरी सहा प्रतिन्यूट्रिनो बाहेर टाकतात. हे कण कुणाला जुमानत नाहीत. काँक्रीट, शिसं, डोंगर, सगळ्यातून ते धुक्यातून गेल्यासारखे आरपार जातात. म्हणजेच त्यांना लपवता येत नाही. भट्टीची शक्ती जितकी जास्त, तितके कण जास्त. कोट्यवधी कोटींमधला एखादाच कण कपाटातल्या स्फटिकांना धक्का देतो, पण भट्टीतून बाहेर पडणाऱ्या कणांची संख्याच इतकी अफाट असते की तेवढे धक्के पुरतात. पूर्वी असे शोधक खोलीएवढे मोठे असत आणि नीट आकडा यायला दिवस लागे. नव्या स्फटिकांमुळे ते कपाटात मावले आणि दर पंधरा मिनिटांना पडद्यावर एक ठिपका उमटवू लागले.

या कपाटामुळेच इचलकरंजीसारख्या गावाला भट्टी मिळू शकली. चाळीस देशांनी मिळून सामाईक इंधन मंडळ काढलं होतं. मंडळ सीलबंद इंधन भाड्यानं देई आणि सात वर्षांनी परत नेई. गावोगाव निरीक्षक बसवण्याऐवजी भिंतीबाहेर कपाट. अट एकच. भट्टीची शक्ती बदलणार असाल तर आधी सांगा. सांगणं आणि दिसणं यांचा दोनदा मेळ बसला नाही की भट्टी बंद.

आणि खंडेनवमीला शक्ती बदलणारच. गाव थांबलं की वीज आणि वाफ घेणार कोण? जादा वीज बाहेर पाठवायची लाईन गेली पाच वर्षं मंजुरीत होती. म्हणून त्या दिवशी भट्टी हळूहळू खाली आणावी लागे.

मंडळाच्या लिस्बनमधल्या मुख्यालयात ओवीचं काम नेमकं हेच होतं. जगभरच्या भट्ट्यांच्या गावांचे सण आधीच ओळखून तशी सूचना आपोआप नोंदवणारा प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. ईद, नाताळ, पोंगल, सगळं त्यात होतं. खंडेनवमी तिनं सर्वात आधी घातली होती.

"पण बुधवार कसा आला?" ती स्वतःशीच म्हणाली.

"बुधवारी तर अष्टमी होती," वैजयंतीबाई म्हणाल्या. "नवमी लागली सकाळी आठला. सूर्य उगवला तेव्हा अष्टमीच होती, म्हणून दिवस अष्टमीचा. खंडेनवमी गुरुवारी. स्वामींनी पंचांग बघून सांगितलं होतं ना सगळ्यांना."

"आठला लागली?"

"आठला."

ओवी ओट्याला टेकून उभी राहिली. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. तो क्षण सगळ्या पृथ्वीसाठी एकच. पण तिथी कुठल्या दिवसाला द्यायची ते सूर्योदयावर ठरतं, आणि सूर्योदय ज्याचा त्याचा. इचलकरंजीत सकाळी आठ वाजता सूर्य चांगला वर आलेला. लिस्बनला तेव्हा पहाटेचे साडेतीन. तिथं सूर्य उगवेपर्यंत नवमी लागून चार तास झाले होते, म्हणून तिथल्या हिशोबानं खंडेनवमी बुधवारी.

प्रोग्रॅमला तिनं गावाचे अक्षांश-रेखांश दिलेच नव्हते. त्यामुळे त्यानं स्वतःची जागा, लिस्बन, धरली. आधीची तीन वर्षं नवमी या दोन सूर्योदयांमधल्या फटीत लागली नव्हती. यंदा लागली.

"आई," ती म्हणाली, "तुझी काही चूक नाही. माझी आहे." आणि तिनं सगळं सांगितलं.

वैजयंतीबाईंनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या लिस्बनच्या कोंबड्यानं माझं लायसन्स टिपलं म्हण की."

"मी आत्ताच मंडळाला लिहिते. मला कामावरून काढलं तरी चालेल."

"लिही. पण आधी ती बासुंदी बघ, खाली लागली."

*

निरीक्षक ऐगुल सादिकोवा शनिवारी पोचल्या. मूळच्या कझाकस्तानच्या, पन्नाशीच्या, उंच. बरोबर एक लहान बॅग. त्यांनी ओवीचं पत्र वाचलं होतं. भट्टीच्या मीटिंग रूममध्ये त्यांनी पडद्यावर गुरुवारचे ठिपके काढून दाखवले. शंभर टक्क्यांवरून खाली येणारा जिना, तळाला साठ, संध्याकाळी पुन्हा वर.

"तारीख का चुकली ते मला कळलं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पण गुरुवारी भट्टी का उतरली ते अजून कळलेलं नाही."

"गाव बंद होतं म्हणून," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"हे तुम्ही म्हणता. दुसरं कारणही असू शकतं. इंधन वेळेआधी काढून त्यातलं प्लुटोनियम बॉम्बसाठी वेगळं करायचं असेल, तर सुरुवात अशीच शक्ती कमी करून होते. इथं तसं झालंय असं मला वाटत नाही. पण माझं वाटणं हा पुरावा नाही."

"प्लुटोनियमच्या कणांची ऊर्जा वेगळी असते," ओवी म्हणाली. "कपाट ते ओळखतं."

"ओळखतं. पण तेवढे कण जमायला दोन महिने लागतात. दोन महिने भट्टी बंद, आणि तुमच्या आई घरी."

वैजयंतीबाईंनी स्टीलचा डबा उघडून पुढे सरकवला. कडाकण्या होत्या, नवरात्रात देवीपुढे बांधतात त्या गोड, कडक पुऱ्या. ऐगुलनी एक उचलली. ती मोडताना मोठा आवाज झाला.

"मॅडम," वैजयंतीबाई म्हणाल्या, "गाव पुन्हा बंद करून दाखवलं तर?"

ऐगुलनी चावणं थांबवलं. "असाच जिना मिळाला तर गुरुवारीही भट्टी गावामुळेच उतरली, एवढं मला पुरेसं आहे. पण उद्याच करावं लागेल. जमेल?"

"जमेल," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि ओवीकडे वळून मराठीत पुटपुटल्या, "आता आप्पांना तू सांगायचं. मी नाही."

*

बाळगोंडा आप्पा पाटील कारखानदारांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांचं प्रोसेस हाऊस गावात सगळ्यात मोठं. ओवी गेली तेव्हा ते ओसरीवर महालिंग स्वामींबरोबर चहा पीत बसले होते. स्वामी म्हणजे गावातले जंगम, लिंगायतांचे पुरोहित. मुहूर्त त्यांनाच विचारायचे.

"आप्पा, उद्या सकाळी गाव बंद ठेवायचंय."

"का? कोण गेलं?"

"कोणी नाही. खंडेनवमीसारखं करायचं. सगळी यंत्रं बंद."

"काय सांगालीस, पोरी! दिवाळी तोंडावर आली. परवाच दिवसभर बंद ठेवून बसलो. आता परत?"

ओवीनं सगळं सांगितलं. सूर्योदय, चार तास, लिस्बन, बॉम्बची शंका. आप्पांनी बशी खाली ठेवली.

"म्हंजे तुझा सूर्य उगवला लिस्बनात, आन् त्याची भरपाई करायची आमी."

"हो," ओवी म्हणाली.

आप्पा स्वामींकडे वळले. "स्वामी, परत करता येती का पूजा?"

"तिथी गेली. गेलेल्या तिथीची पूजा होत नाही," स्वामी म्हणाले.

"बघ. संपलं."

"पण नव्या यंत्राची पूजा चांगल्या वेळी कधीही होते," स्वामी चहाचा शेवटचा घोट घेत म्हणाले. "ते भिंतीबाहेरचं कपाट. बसवून चार वर्षं झाली. गावातल्या सुईदोऱ्याची पूजा होते, त्याला कुणी हळदीचं बोट तरी लावलंय? ते चिडणार नाही तर काय करणार?"

आप्पा हसले. मग लगेच गंभीर झाले. "तरी पण स्वामी, एका कपाटासाठी सगळं गाव थांबवायचं?"

"नाही थांबवलं तर सोमवारी आईचं लायसन्स जाईल," ओवी म्हणाली.

"वैजयंतीताईचं?" आप्पांचा आवाज चढला. "आन् हे तू शेवटाला सांगालीस? अगं, अण्वस्त्र, चंद्र, सूर्य, सगळं सांगून झालं. आधी आईचं सांगायचं की!" त्यांनी फोन उचलला आणि संघटनेच्या ग्रुपवर बोलून टाकलं: "रविवारी सकाळी भट्टीवरच्या कपाटाची पूजा. सगळ्यांनी यंत्रं बंद ठेवायची. वैजयंतीताईच्या इज्जतीचा प्रश्न हाय."

*

पत्र्याच्या खोलीसमोर रविवारी सकाळी दीडएकशे माणसं जमली. वैजयंतीबाई तिथं नव्हत्या. त्या आत कंट्रोल रूममध्ये, आपल्या खुर्चीत होत्या. ऐगुल कपाटाशेजारी लॅपटॉप उघडून उभ्या होत्या.

"सीलला कुणी हात लावायचा नाही," त्यांनी ओवीला बजावलं. "माळ वरून चालेल. कुंकू सीलपासून लांब."

स्वामींनी कपाटासमोर पाट मांडला, विडा ठेवला, केळ्यांचा घड ठेवला.

"केळी उचला," ऐगुल म्हणाल्या.

"का?" ओवीनं विचारलं.

"केळ्यात पोटॅशियम असतं. त्यातला थोडा किरणोत्सारी. त्यातूनही प्रतिन्यूट्रिनो निघतात."

ओवीनं मनातल्या मनात हिशोब केला. "मॅडम, त्यांची ऊर्जा फार कमी. आणि भट्टीच्या मानानं ती संख्या म्हणजे समुद्रात पडलेला घामाचा थेंबसुद्धा नाही."

"मला माहीत आहे," ऐगुल म्हणाल्या. "पण अहवालात केळ्यांबद्दल एक परिच्छेद लिहावा लागला तर माझी जन्मभर थट्टा होईल."

केळी उचलली गेली. बर्फी ठेवली.

मग गाव थांबू लागलं. आधी सायझिंग, मग एकेका गल्लीतले माग. खडखडाट फाटत गेला आणि मधून मधून कावळे ऐकू येऊ लागले. लॅपटॉपवर ठिपके उतरू लागले. शंभर, ब्याण्णव, त्र्याऐंशी. ऐगुलनी गुरुवारचा जिना फिक्या रेघेनं मागे ठेवला होता. नवे ठिपके त्याच्यावर पायरीला पायरी बसत होते. सत्तर. सहासष्ट. चौसष्ट.

आणि तिथंच थांबले.

पुढचा ठिपका चौसष्ट. त्याच्यापुढचाही चौसष्ट. स्वामींची आरती संपली. गुरुवारची रेघ खाली साठवर होती.

"पुरेसं आहे का?" ओवीनं विचारलं.

"नाही." ऐगुलनी पडद्यावर बोट ठेवलं. "गुरुवारी बंद असलेलं काहीतरी आज चालू आहे. लहानसहान नाही. ते वाफ खातंय."

ओवीनं मोठ्यानं भाषांतर केलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. तिनं आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"पश्चिमेच्या लाईनवर वाफ जातेय गं," वैजयंतीबाईंचा शांत आवाज आला. "तिकडं कुणाचं काय आहे ते मी सांगत नाही. सणाचे दिवस आहेत."

पश्चिमेच्या लाईनवर एकच मोठं गिऱ्हाईक होतं. दीडशे माणसं हळूहळू बाळगोंडा आप्पांकडे वळली. आप्पा हातातल्या नारळाची शेंडी फार लक्षपूर्वक तपासत होते.

"आप्पा?" ओवी म्हणाली.

"रंगात कापड हाय गं. मधेच सोडलं तर डाग पडतात. मला वाटलं, एवढ्या गावात माझं एक चालू राहिलं तर कुणाला कळतंय…"

मागून कुणीतरी म्हणालं, "कपाटाला कळतंय, आप्पा!" आणि सगळं आवार हसलं. आप्पाही हसले, पण कानापर्यंत लाल होऊन. त्यांनी फोन काढला. "भरमा, वाफ बंद कर. व्हय, सगळी. कापड गेलं तर जाऊ दे. अरं, माझी अब्रू जायाला लागलीय हितं!"

मग वाट बघायची होती. दीडशे माणसं एका कपाटाच्या बोलण्याची वाट बघत उभी होती. एक ठिपका आला, त्रेसष्ट. आणखी एक.

साठ.

लोकांना आकडा दिसला नाही, पण ओवीचा चेहरा दिसला. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

ऐगुल पहिल्यांदाच मोकळं हसल्या. "आता पुरेसं आहे."

"आणि तो मधला घोळ?"

"त्यामुळेच पुरेसं आहे. सगळं पहिल्या झटक्यात जुळलं असतं तर कुणीतरी आकडे जुळवून दिलेत, ही शंका माझ्या मनात राहिली असती. या गृहस्थांनी एक वाफ बंद केली आणि भिंतीपलीकडे भट्टी तेवढीच उतरली. हे ठरवून करता येत नाही. त्यांचे आभार माना."

ओवीनं भाषांतर केल्यावर आप्पांची मान पुन्हा ताठ झाली. "तेच म्हणतो मी. माझ्यामुळं झालं." त्यांनी नारळ पुढे केला. "मॅडम, तुमीच फोडा."

ऐगुलनी तो दोन्ही हातांत घेतला, जोर अजमावला, आणि एका फटक्यात फोडला. पाणी पाटावर उडालं, सीलपासून लांब.

*

आदेश संध्याकाळपर्यंत मागे घेतला गेला. वैजयंतीबाई गळ्यात कार्ड घालूनच घरी आल्या आणि जेवतानाही त्यांनी ते काढलं नाही. ओवीला मंडळानं लेखी ताकीद दिली. विमानतळाकडे निघताना ऐगुलनी गाडीची काच खाली केली.

"एक विचारायचं राहिलं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये अजून किती गावांचा सूर्य लिस्बनला उगवतो?"

"सगळ्यांचा," ओवी म्हणाली.

"मग सुट्टी संपली तुमची."

परत गेल्यावर ओवीनं प्रत्येक गावाला त्याची जागा दिली. त्यात तीन आठवडे गेले. तरी तिचं समाधान होईना. ईदचा चंद्र कुठं दिसला, कुठं ढगाआड राहिला, हे अक्षांश-रेखांशांनी कसं कळणार? शेवटी तिनं नियमात एक ओळ घालून घेतली. प्रोग्रॅमनं सण सुचवायचा, पण पक्का करायचा त्या गावातल्या माणसानं, तारीख बघून.

पुढच्या खंडेनवमीला ओवीचा फोन वाजला तेव्हा लिस्बनमध्ये अंधार होता.

"आई? काय झालं?"

"काही नाही. तारीख बघून पक्की केली होती मी. तरी म्हटलं, तोंडीही कळवावं." मागे कुठंतरी एकेक शेड शांत होत होती. "सूर्य उगवला गं इकडं. कपाटाला माळ घालून झाली, आप्पांनी पहिली वाफ स्वतः बंद केली. तिकडं?"

ओवीनं पडदा सारून बघितलं. "अजून नाही."

"मग झोप तू. आमचं चालू आहे."